पालथा घडा कोणाचा?



'पालथ्या घड्यावर पाणी' ही म्हण कुणाला ठाऊक नाही? दुपारच्या सुट्टीत शाळेच्या वऱ्हांड्यात चार शिक्षक चहाला एकत्र बसले, म्हणजे ती हमखास ऐकू येते. एक जण म्हणतो, "अहो, तीन तास घातले मी त्या विद्युतप्रवाहावर. फळा भरून आकृत्या काढल्या. आणि चाचणीत बघतो तर निम्म्या पोरांना काही म्हणता काही येत नाही!" दुसरा म्हणतो, "जाऊ द्या हो, पालथ्या घड्यावर पाणी." तेवढ्यात घंटा होते आणि सगळे आपापल्या वर्गावर निघून जातात.

आज या म्हणीचाच थोडा विचार आपल्यापुढे मांडायचा आहे. घडा पालथा आहे, हे क्षणभर कबूल करू. पण तो पालथा घातला कुणी? मूल जन्माला येते ते काही पालथा घडा होऊन येत नाही. चार वर्षांचे पोर आईला कामच करू देत नाही. चांदोबा आपल्याबरोबर का चालतो? पाऊस कुठून येतो? रात्री सूर्य कुठे जातो? विचारून विचारून ते घरच्यांना भंडावून सोडते. तेच पोर आठवी-नववीत विज्ञानाच्या तासाला बसते तेव्हा तोंडातून शब्द काढत नाही. गुरुजी विचारतात, "समजलं का?" सगळा वर्ग एका सुरात म्हणतो, "हो सर!" हा 'हो सर' फसवा आहे. ज्याला समजले तो हो म्हणतो, ज्याला नाही समजले तोही हो म्हणतो, आणि ज्याचे लक्षच नव्हते तो सगळ्यांत मोठ्याने हो म्हणतो.

यात नुकसान कोणाचे होते? ज्याच्या घरी शिकलेली माणसे आहेत, त्याचे फारसे होत नाही. त्याला घरी कुणी ना कुणी समजावून सांगते. नाहीतर शिकवणी लावता येते. ज्या घरातली शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी आहे, त्या पोराला समजून घ्यायची जागा एकच, शाळेचा तास. तो तास वरून वाहून गेला की त्याचे विज्ञान गेले. दहावीनंतर "सायन्स आपल्याला झेपायचं नाही" असे म्हणून ते पोर बाजूला होते. त्याला झेपले नसते असे नाही. त्याच्यापर्यंत ते पोचलेच नाही. म्हणून हा प्रश्न केवळ शिक्षकांच्या बैठकीत बोलण्याचा नाही. गावातल्या प्रत्येक घराचा आहे.

आता कुणी म्हणेल, मग काय, व्याख्यान वाईट? शिक्षकाने बोलूच नये? तसे मुळीच नाही. बोलून शिकवण्याची परंपरा आपल्याकडे फार जुनी आहे. कीर्तनकार दोन-दोन तास बोलतो आणि माणसे मांडी मोडत नाहीत. पण जरा बारकाईने पाहा. कीर्तनकार एकटा बोलत नसतो. मध्येच तो श्रोत्यांकडून गजर करून घेतो, टाळकऱ्यांना उचलून धरायला लावतो, समोरच्या एखाद्या म्हाताऱ्याला "काय हो पाटील, खरं ना?" म्हणून विचारतो. ऐकणारा नुसता ऐकत नाही, त्यात सामील होतो.

विज्ञानातही मोठे व्याख्याते होऊन गेले. मायकेल फॅरडे हे लोहाराचे पोर. लहानपणी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी केली आणि पुढे जगातल्या थोर शास्त्रज्ञांत गणना झाली. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये नाताळच्या सुट्टीत मुलांसाठी व्याख्याने देण्याची प्रथा १८२५ साली सुरू झाली. १८६० सालच्या नाताळात फॅरडे तेथे मुलांपुढे उभे राहिले आणि एका साध्या मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. मेण वर कसे चढते, ज्योत मध्ये काळपट का दिसते, जळून गेलेले मेण जाते कुठे. एकेक प्रश्न आणि त्याला लागून एकेक प्रयोग. व्याख्यान असे असेल तर त्याला नावे कोण ठेवील?

अडचण अशी आहे की चांगले व्याख्यानसुद्धा आपल्याला वाटते तेवढे काम करीत नाही. हे कळले ते अलीकडच्या पन्नास वर्षांत, आणि तेही मोजून पाहिल्यावर. त्याची एक हकीगत सांगतो.

अमेरिकेत हार्वर्ड नावाचे नामांकित विद्यापीठ आहे. तेथे एरिक माझूर नावाचे प्राध्यापक १९८४ पासून पदार्थविज्ञान शिकवीत होते. विद्यार्थी हुशार, प्राध्यापक उत्तम. वर्षअखेर विद्यार्थी आपल्या शिक्षकाविषयी जो अभिप्राय देतात, त्यात माझूर यांना वरचे गुण मिळत. परीक्षेत मुले अवघड गणिते सोडवीत. सगळे छान चालले होते. अशात १९९० च्या सुमारास त्यांच्या वाचनात दुसऱ्या एका विद्यापीठातले संशोधन आले. डेव्हिड हेस्टेनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही साधे प्रश्न तयार केले होते. त्यांत आकडेमोड नाही, सूत्र नाही. उदाहरणार्थ, एक जड मालट्रक आणि एक छोटी मोटार समोरासमोर धडकली, तर कोणाचा कोणावर जास्त जोर बसतो?

श्रोतेहो, तुम्हीही मनातल्या मनात उत्तर देऊन पाहा. ट्रकचा जोर जास्त, असेच बहुतेकांना वाटते. न्यूटनचा तिसरा नियम सांगतो की दोघांचा एकमेकांवर बसणारा जोर अगदी सारखा असतो. मोटारीचा चुराडा होतो, कारण ती हलकी असते. तेवढ्याच जोराने तिच्या गतीत फार मोठा फरक पडतो. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, हे वाक्य हार्वर्डच्या प्रत्येक मुलाला पाठ होते. तरीसुद्धा माझूर यांनी हे प्रश्न वर्गात दिले, तेव्हा बऱ्याच मुलांची उत्तरे चुकली. एका मुलीने तर विचारले की या प्रश्नांची उत्तरे तुम्ही शिकवल्याप्रमाणे लिहायची, की मला मनातून वाटते तशी लिहायची?

या प्रश्नात सगळी गोष्ट येते. मुलांच्या डोक्यात दोन कप्पे होते. एक परीक्षेचा, एक जगाचा. व्याख्यान परीक्षेच्या कप्प्यात जाऊन पडले होते. जगाच्या कप्प्याला त्याचा स्पर्शही झाला नव्हता.

माझूर यांनी तोच भाग पुन्हा समजावून सांगितला. मुलांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडेना. दुसऱ्या तऱ्हेने सांगितला, तरी तेच. शेवटी ते म्हणाले, तुम्ही आपसांतच बोलून ठरवा. वर्गात एकच गलबला उडाला. आणि दोन-तीन मिनिटांत बहुतेकांचा उलगडा झालेला! याचे कारण पाहण्यासारखे आहे. ज्या मुलाला ती गोष्ट आत्ताच उमगलेली असते, त्याला आपण कुठे अडखळलो होतो हे ताजे आठवत असते. शिक्षकाला ती गोष्ट वीस वर्षांपूर्वी समजलेली. रस्त्यातला तो खड्डा त्याच्या लक्षातही राहिलेला नसतो. १९९१ पासून माझूर यांनी आपल्या शिकवण्याची रीतच बदलली. थोडे सांगायचे, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकाने आपले उत्तर ठरवायचे, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, आणि पुन्हा उत्तर द्यायचे.

एका प्राध्यापकाच्या अनुभवावर आपण विश्वास का ठेवावा, असे कुणी म्हणेल. रास्त आहे. म्हणून दोन हिशेब सांगतो. १९९८ साली रिचर्ड हेक यांनी पदार्थविज्ञानाच्या ६२ वर्गांतल्या साडेसहा हजार विद्यार्थ्यांच्या चाचण्यांचा ताळा मांडला. सत्राच्या आधी एक चाचणी, सत्रानंतर तीच चाचणी. सुरुवातीला जे येत नव्हते, त्यातले किती आले, एवढेच पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत ते शंभरात सरासरी २३ आले. ज्या वर्गांत मुलांना विचार करायला, बोलायला लावले जात होते, तेथे ४८. दुपटीहून अधिक! दुसरा हिशेब २०१४ सालचा. स्कॉट फ्रीमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या शिकवणुकीवरचे २२५ अभ्यास एकत्र करून पाहिले. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत शंभरातले सुमारे ३४ विद्यार्थी नापास होत होते, तर मुलांना कामाला लावणाऱ्या वर्गांत सुमारे २२. म्हणजे शंभर घरांतली बारा घरे. त्या बारा घरांत निकालाच्या दिवशी काय फरक पडत असेल, हे गावातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. पुढे २०२० साली अमेरिकेतच झालेल्या पाहणीत असे दिसले की मागे पडलेल्या समाजांतली मुले आणि इतर मुले यांच्या परीक्षेतल्या गुणांतले अंतर अशा वर्गांत सुमारे एक तृतीयांशाने कमी होते. मघाशी ज्या पहिल्या पिढीच्या पोराविषयी बोललो, त्याच्या जातीचेच हे काम झाले.

आता आपण म्हणाल, हे सगळे अमेरिकेतले, कॉलेजातले. आमच्या गावाशी त्याचा काय संबंध? संबंध आहे, आणि त्याचा पुरावा आपल्याच मातीत आहे. शिवाय तो या रेडिओचाच आहे.

१९५६ साली पुणे आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने एक उपक्रम केला होता. मराठी मुलखातल्या पाच जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावे निवडली. प्रत्येक गावात शेतकऱ्यांचे एक श्रोतृमंडळ स्थापन केले. आठवड्यातून दोनदा मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत. आणि रेडिओ बंद झाला की लगेच त्याच विषयावर चर्चा करीत. हे आपल्याला कितपत लागू पडते? खर्च किती येईल? कोण करून पाहणार? पॉल न्यूराथ या समाजशास्त्रज्ञांनी त्याची पाहणी केली. मंडळाच्या गावांत आणि मंडळ नसलेल्या गावांत लोकांना आधी किती माहिती होती आणि नंतर किती झाली, हे प्रश्न विचारून तपासले. ज्या गावांत ऐकणे आणि बोलणे दोन्ही झाले, तेथे माहितीत फार मोठी भर पडली. ज्या गावांत रेडिओ होता पण मंडळ नव्हते, तेथे नाव घेण्यासारखी भर पडली नाही. बोलणारा तज्ज्ञ चांगलाच होता. फरक पडला तो नंतरच्या अर्ध्या तासाच्या बोलण्याने. पुढे १९५९ पासून ही योजना देशभर नेली गेली.

विज्ञानशिक्षणात असेच मोठे काम मध्य प्रदेशात झाले. होशंगाबाद जिल्ह्यात, ज्याला आज नर्मदापुरम म्हणतात, १९७२ साली सोळा शाळांतून एक कार्यक्रम सुरू झाला. किशोर भारती आणि रसूलियाचे मित्र मंडळ केंद्र या संस्थांनी तो हाती घेतला. सहावी ते आठवीच्या मुलांनी विज्ञान पाठ करायचे नाही, हाताने करून शिकायचे. चार-चार मुलांची टोळी, स्वस्तातली साधने, आणि परीक्षेत पुस्तक उघडून पाहायची मोकळीक. कारण आठवते का हे तपासायचे नव्हते, विचार करता येतो का हे तपासायचे होते. १९७८ साली तो सगळ्या जिल्ह्यात गेला, १९८२ मध्ये त्यासाठी एकलव्य ही संस्था उभी राहिली. याच कार्यक्रमाच्या सहवासात अरविंद गुप्ता यांनी आगकाड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी यांपासून भूमितीच्या आकृत्या घडवल्या. आज त्या कितीतरी शाळांत दिसतात. २००२ साली राज्य शासनाने हा कार्यक्रम थांबवला. पण खेड्यातली, साध्या शाळेतली मुले प्रयोग करून विज्ञान शिकू शकतात, हे तीस वर्षे डोळ्यांनी दिसले होते. ते काही पुसले गेले नाही.

आणि आपल्या कोसबाडची आठवण कशी विसरू? ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी पाहिले की आदिवासी पोरे गुरे राखायला जातात, म्हणून शाळेत येत नाहीत. त्यांनी शाळाच कुरणात नेली. तिचे नाव कुरणशाळा. मूल जिथे आहे तिथून आरंभ करायचा, हे यातले मर्म.

मूल जिथे आहे तिथून, हे शब्द मी मुद्दाम वापरतो. कारण पालथ्या घड्याच्या म्हणीत एक गफलत आहे. घडा पालथा नसतो आणि रिकामाही नसतो. मुलाच्या डोक्यात आधीपासून काही कल्पना भरलेल्या असतात. त्या त्याने स्वतः जग पाहून बनवलेल्या असतात, म्हणून त्या पक्क्या असतात. वानगीदाखल एक प्रश्न घेऊ. शेतकऱ्याच्या पोराला तो आपलाच वाटेल.

बांधावर बाभळीचे झाड आहे. दहा वर्षांपूर्वी ते बोटाएवढे रोप होते. आज तोडले तर बैलगाडीभर लाकूड निघेल. हे लाकूड आले कुठून?

वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुले म्हणतील, "मातीतून." का बरे? कारण मुळे मातीत आहेत, आणि खत घातले की पीक जोमाने वाढते. उत्तर चुकीचे आहे, पण ते मूर्खपणाचे नाही. त्यामागे पाहणे आहे, विचार आहे. आता तिथे आपण सरळ सांगितले की, "मुलांनो, वनस्पती हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून सूर्यप्रकाशात आपले अन्न तयार करतात, याला प्रकाशसंश्लेषण म्हणतात, लिहून घ्या", तर मुले लिहून घेतील. परीक्षेत तेच लिहून गुणही मिळवतील. आणि बांधावर उभे राहिल्यावर म्हणतील, लाकूड मातीतून आले.

पण आधी त्यांना त्यांच्या उत्तरावर उभे करा. मग विचारा, "मातीतून आलं, तर झाडाखाली खड्डा का नाही पडला?" वर्ग गप्प होतो. ही शांतता वेगळी असते. ती विचाराची असते. मग सांगा की पावणेचारशे वर्षांपूर्वी व्हॅन हेल्मोंट नावाच्या माणसाला हाच प्रश्न पडला होता. त्याने मोठ्या कुंडीत सुमारे नव्वद किलो कोरडी माती तोलून घातली. सव्वादोन किलोचे विलोचे रोप लावले. पाच वर्षे नुसते पाणी घातले. झाड सुमारे सत्त्याहत्तर किलोचे झाले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर पन्नास-साठ ग्रॅमच कमी भरली! त्याने ठरवले की झाड पाण्यापासून बनले. तोही अर्धाच बरोबर होता, कारण हवेचा वाटा त्याच्या ध्यानात आला नव्हता. त्याचा हा प्रयोग १६४८ साली, त्याच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

आणि शेवटी घरच्या चुलीकडे बोट दाखवा. भाराभर लाकूड जळते आणि मूठभर राख उरते. ती राख म्हणजे मुख्यतः जमिनीतून आलेली खनिजे. बाकीचे लाकूड जिथून आले होते तिथेच गेले, हवेत. "मग खत कशाला घालायचं, सर?" असे एखादे पोर विचारील. विचारू द्या. त्या प्रश्नासाठीच तर हा खटाटोप. मूठभर असली तरी त्या खनिजांवाचून, आणि नत्रावाचून, झाडाचा कारखानाच चालत नाही. भाकरीत मीठ किती? पण मिठावाचून भाकरी गोड लागत नाही.

येथे शिक्षक बोललाच की! व्याख्यान झालेच. फक्त ते केव्हा झाले, ते पाहा. शेतकऱ्याला हे कळायला वेळ लागणार नाही. चांगले बी कोरड्या जमिनीत टाकले तर वाया जाते, चिखलात टाकले तर कुजते. वाफसा आला की पेरायचे. प्रश्न पडणे, अंदाज बांधणे, आणि तो चुकतोय की काय अशी शंका येणे, हा मनाचा वाफसा. त्यावर केलेले दहा मिनिटांचे व्याख्यान उगवते. १९९८ साली श्वार्ट्झ आणि ब्रॅन्सफर्ड या दोघा संशोधकांनी हेच तपासले. ज्यांनी आधी स्वतः उदाहरणांशी झटापट केली आणि मग व्याख्यान ऐकले, त्यांना ते अधिक समजले. ज्यांनी आधी त्याच विषयावरचा उतारा वाचून सारांश काढला आणि मग तेच व्याख्यान ऐकले, त्यांना कमी.

आता शिक्षक बंधुभगिनींनो, पस्तीस मिनिटांच्या तासात हे बसवायचे कसे? मोठ्या खर्चाची गरज नाही. प्रत्येक मुलाजवळ एक पाटी, नाहीतर पुठ्ठ्याचा तुकडा असला की पुरे. पहिली दहा-बारा मिनिटे तुम्ही सांगा. मग एक प्रश्न टाका, ज्याची तीन-चार उत्तरे संभवतात. एक मिनिट कुणी बोलायचे नाही. प्रत्येकाने आपले उत्तर, क का ख का ग, पाटीवर लिहायचे. मग "पाट्या वर!" म्हणा. सगळ्यांनी एकदम. नेहमी हात वर करणारी चार पोरे सोडून बाकीच्या वर्गाचे मन पहिल्यांदाच तुमच्यासमोर येते. मागच्या बाकावरची मुलगी, जी वर्षभर तोंड उघडत नाही, तिचेही उत्तर दिसते, आणि कुणाला हसायला सवडही मिळत नाही. बहुतेकांचे बरोबर आले, तर पुढे चला. बहुतेकांचे चुकले, तर पुन्हा सांगा. निम्म्याच्या आसपास बरोबर असतील, तर तीच खरी वेळ. म्हणा, "शेजाऱ्याला पटवून द्या." तीन मिनिटे. पुन्हा पाट्या वर. आणि मग तुम्ही खुलासा करा. एका तासात असा एकच प्रश्न झाला तरी चालेल.

प्रयोगाचेही तसेच. केवळ प्रयोग दाखवला म्हणजे मुले शिकली, असे आपण समजतो. माझूर यांच्याच वर्गातली पाहणी २००४ साली प्रसिद्ध झाली. ज्यांनी प्रयोग नुसता पाहिला, त्यांना प्रयोग न पाहिलेल्यांपेक्षा त्यामागचे कारण फारसे अधिक समजले नव्हते. ज्यांनी काय होईल याचा अंदाज आधी सांगितला होता, त्यांना अधिक समजले. तात्पर्य, अंदाज आधी, प्रयोग मागून.

वर्गात नेहमी होणारा मेणबत्तीचा प्रयोग घ्या. ताटलीत पाणी, मध्ये मेणबत्ती, वर उपडा पेला. मेणबत्ती विझते आणि पेल्यात पाणी चढते. कितीतरी ठिकाणी सांगतात की प्राणवायू संपला, म्हणून तेवढी जागा पाण्याने घेतली. आता मुलांना नीट पाहायला सांगा. पाणी केव्हा चढते? ज्योत जळत असताना, की विझल्यानंतर? मुले सांगतील की झपाट्याने चढते ते विझता-विझता आणि विझल्यावर. एकीच्या जागी तीन मेणबत्त्या लावा. पाणी आणखी वर चढते. प्राणवायू तर पेल्यात तेवढाच होता! म्हणजे मुख्य कारण दुसरे आहे. ज्योतीने हवा तापली, फुगली, काही पेल्याबाहेर गेली. ज्योत विझताच उरलेली हवा थंड होऊन आकसली आणि बाहेरच्या हवेच्या दाबाने पाणी आत ढकलले. मेणबत्ती तर सगळा प्राणवायू संपायच्या आधीच विझते. ज्या वर्गात मुलांना विचारायची मुभा आहे, त्या वर्गात पुस्तकातली चूकही सापडते.

यावर काही आक्षेप येतात, ते रास्त आहेत. पहिला, अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा? थोडा मागे पडेल, हे खरे. पण आपण पुरा करतो तो फळ्यावर. मुलांच्या डोक्यात किती पुरा झाला, हे पाट्या वर केल्यावर कळेल. दुसरा, वर्गात गोंगाट होतो आणि मुख्याध्यापक डोकावतात. तीन मिनिटांचा तो गोंगाट कामाचा आहे, हे त्यांना एकदा वर्गात बसवूनच दाखवावे. तिसरा आक्षेप मुलांचाच असतो. त्यांना वाटते, सर शिकवतच नाहीत, आम्हालाच विचारतात. हार्वर्डमध्ये २०१९ साली हे पाहिले गेले. स्वतः डोके चालवलेल्या वर्गात मुले अधिक शिकली होती, पण त्यांना वाटत होते की आपण कमी शिकलो; सफाईदार व्याख्यान ऐकताना मात्र सगळे समजल्यासारखे वाटत होते. दुसऱ्याने खांद्यावर बसवून गड चढवला की गड सोपा वाटतो. म्हणून सुरुवातीलाच मुलांना सांगावे की दमल्यासारखे वाटेल, पण चढणे तुमचे होईल.

आणखी एक सावधगिरी. मुलांना साहित्य देऊन मोकळे सोडले आणि शिक्षक बाजूला झाले, याला ही पद्धत म्हणत नाहीत. प्रश्न निवडायचा कोणता, थांबायचे कुठे, खुलासा कोणत्या शब्दांत करायचा, यात शिक्षकाचे कसब आधीपेक्षा जास्त लागते. आणि हल्ली मोबाईलवर सुरेख चित्रफिती मिळतात. त्या अवश्य दाखवा. पण चित्रफीत हेही व्याख्यानच आहे, मध्येच थांबवून "आता पुढे काय होईल?" असे विचारले नाही, तर तीही वरून वाहून जाईल.

आईबापांनाही दोन शब्द. संध्याकाळी पोर घरी आले की आपण विचारतो, "अभ्यास झाला का?" त्याचे उत्तरही 'हो' हेच असते. त्याऐवजी चुलीपाशी बसून म्हणा, "लाकूड जळून कुठं गेलं, सांग बरं." आपल्याला उत्तर यायला पाहिजे, असे मुळीच नाही. पोराला सांगायला कुणीतरी हवे असते. जे दुसऱ्याला सांगता येते, ते आपले होते.

श्रोतेहो, मीही इतका वेळ एकटाच बोललो. तुम्हाला मध्येच थांबवून विचारता आले नाही, ही रेडिओची अडचण आहे. म्हणून आता १९५६ सालच्या त्या मंडळांनी केले तेच करा. रेडिओ बंद करा आणि जवळ जो कोणी बसला असेल त्याला विचारा: हा माणूस म्हणतो ते तुला पटतं का? झाडाचं लाकूड खरंच हवेतून येतं का? त्याला पटले नाही तर फार उत्तम. उद्या ते गावच्या शाळेतल्या गुरुजींना नाहीतर बाईंना जाऊन विचारा, आणि त्यांनी ते वर्गात मुलांना विचारावे.